लांबचा पल्ला आणि टाकीतले इंधन

स्वतःच्या गाडीने लांबचा प्रवास करताना येणाऱ्या अडचणींविषयी वाचकांनी लिहावे, असे आवाहन आम्ही केले होते. हॉटेल, परवाने, टायर असे विषय येतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक पत्रांचा रोख एकाच प्रश्नावर निघाला, तो म्हणजे कोणत्या इंधनाची गाडी घ्यावी, किंवा दारात आहे ती गाडी तिच्या इंधनासह कितपत लांब न्यावी. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी दोघेही निवृत्त आहोत. येत्या जुलैमध्ये मनालीमार्गे लेहला स्वतःच्या गाडीने जाण्याचा विचार आहे आणि त्यासाठी नवी एसयूव्ही घ्यायची आहे. डोंगरात डिझेलशिवाय चालत नाही, असे मित्र सांगतात. मुलाचा आग्रह पेट्रोलचा आहे. एरवी गाडीचा वापर म्हणजे भाजीबाजार, नातीची शाळा आणि महिन्यातून एकदा त्र्यंबकेश्वर. वर्षाला आठ हजार किलोमीटरच्या वर धाव जाणार नाही. (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रातला निर्णायक मजकूर लेहचा नाही, भाजीबाजाराचा आहे. गाडी वर्षातले पंधरा-वीस दिवस हिमालयात असेल आणि उरलेले साडेअकरा महिने गंगापूर रोडच्या सिग्नलवर उभी राहील. इंधन निवडताना या साडेअकरा महिन्यांना आधी विचारावे लागते.

तरीही आपल्या मित्रांचे म्हणणे निराधार नाही. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा असते, डिझेल इंजिनात हवा कितीतरी जास्त दाबली जाते आणि त्यामुळे त्याच टाकीत गाडी लांब जाते. इंजिन मिनिटाला कमी फेरे घेत असतानाही ओढते, त्यामुळे सामानाने भरलेली गाडी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत नाही. नाशिककरांना हे समजावून सांगायला नकोच. डिझेलचे नॉझल घडवण्यात सातपूरच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, कित्येक घरांतल्या माणसांची उमेदीची वर्षे गेली आहेत. मात्र डोंगरातल्या डिझेलच्या कीर्तीत मोठा वाटा टर्बोचा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. लेहच्या पुढची खार्दुंग ला ही खिंड 5359 मीटर उंचीवर आहे (तिथल्या जुन्या पाटीवरचा 18380 फुटांचा आकडा फुगवलेला आहे) आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घटत जाते. टर्बो ती विरळ हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे घट बरीच भरून निघते. आजच्या जवळपास सर्व डिझेल गाड्यांना टर्बो असतो आणि पेट्रोल गाड्यांपैकी काहींनाच असतो, म्हणून लोकांनी श्रेय इंधनाला देऊन टाकले. टर्बो असलेली पेट्रोल गाडी त्याच खिंडी निमूटपणे चढते.

आता दुसरी बाजू. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुरासाठीची बीएस सहा मानके लागू झाली आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली, तिला गॅरेजमध्ये सगळे डीपीएफ म्हणतात. ही गाळणी भरली की आत साचलेली काजळी जाळून टाकावी लागते. त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास तापमान हवे आणि ते टिकण्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्या वेगाने चालायला हवी. घरापासून शाळा, शाळेपासून बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड तापतच नाही. जाळण्याची क्रिया सुरू होते आणि गाडी बंद केली की अर्धवट राहते. त्यासाठी जास्तीचे सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते आणि ते चांगले लक्षण नव्हे. महिन्यातून एकदा त्र्यंबकेश्वर या गाळणीला पुरणार नाही.

पैशांचा हिशेब कागदावर मांडून पाहू. पेट्रोल 104 रुपये आणि डिझेल 91 रुपये लिटर धरा. मध्यम एसयूव्हीचे ॲव्हरेज पेट्रोलवर 13 आणि डिझेलवर 17 धरा. वर्षाला 8000 किलोमीटरसाठी पेट्रोलला सुमारे 64000 रुपये लागतील आणि डिझेलला सुमारे 42800. बचत वर्षाला एकवीस हजारांची. दोन्ही गाड्यांच्या किमतीत दीड लाखाचा फरक असेल, तर तो भरून निघायला सात वर्षे लागतात; त्यात महाराष्ट्रात डिझेल गाडीवरचा एकरकमी वाहन करही जास्त दराने भरावा लागतो. हीच गाडी कुणी वर्षाला 25000 किलोमीटर पळवत असेल, तर तेच दीड लाख सव्वादोन वर्षांत वसूल होतात. म्हणजे डिझेल महाग की स्वस्त, हे ठरवणारा आकडा पंपावर नसून गाडीच्या मीटरवर असतो.

आपला मार्ग दिल्लीच्या आसपासून जाईल, म्हणून आणखी एक बाब. दिल्ली परिसरातल्या 10 वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये बडगा उगारला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 10 वर्षांवरील डिझेल व 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांबाबतचा तो निर्बंध उचलून धरला. पुढे या आदेशांत बदल होत गेले, तरी धोरणाचा कल डिझेलच्या विरोधात आहे हे उघड दिसते. निवृत्तीनंतर घेतलेली गाडी माणूस बहुधा दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवतो.

राहिला पंपांचा प्रश्न. केलाँगच्या अलीकडे तांडी येथील पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी प्रवाशांनी वर्षानुवर्षे फोटोत टिपली आहे. आपल्या गाडीची टाकी 50 लिटरची असेल, तर चढावर नऊ-दहाचे ॲव्हरेज धरूनही साडेचारशे किलोमीटर जाता येईल. तांडीला टाकी काठोकाठ भरावी, एवढेच.

तेव्हा आपण टर्बो पेट्रोल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मित्रांचा शब्द मोडवतच नसेल आणि डिझेलच घेणार असाल, तर दर आठवड्याला आग्रा रोडने पिंपळगाव बसवंतपर्यंत एक फेरी मारण्याची तयारी ठेवा. द्राक्षांच्या हंगामात ती सुखाचीही होईल.

प्रश्न : माझ्याकडे बीएस सहा डिझेल गाडी आहे आणि डिसेंबरअखेर शिमला, किन्नौरमार्गे स्पितीला जायचे ठरले आहे. थंडीत डिझेल गोठते असे ऐकतो, ते कितपत खरे? युरियाचेही तसेच होते का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : डिझेल पाण्यासारखे एका क्षणी गोठत नाही. त्यात मेणासारखे घटक विरघळलेले असतात. थंडी वाढली की आधी त्यांचे कण तयार होऊन इंधन गढूळ दिसू लागते, मग ते कण फिल्टरमध्ये अडकून बसतात, आणि इंधन वाहते असूनही इंजिनाला मिळेनासे होते. सकाळी सेल्फ मारत राहावे आणि गाडी ढिम्म हलू नये, असा तो प्रकार. लडाख, कारगिल, काझा, केलाँग या भागांतली हीच अडचण ओळखून इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. यातली मेख अशी की, टाकीत नाशिकचे डिझेल शिल्लक असताना वर थोडेसे हिवाळी डिझेल ओतून काम भागत नाही. खालून येताना टाकी रिकामी होत येईल असा अंदाज बांधावा, थंड प्रदेशातल्या पंपावर ती स्थानिक इंधनाने भरावी आणि नंतर काही किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे नळ्यांतून व फिल्टरमधूनही तेच इंधन फिरेल. केवळ टाकी भरून लगेच गाडी उभी केली, तर फिल्टरमध्ये जुनेच डिझेल राहते.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुन्या ड्रायव्हरांचा तोडगा आपल्या गाडीवर करू नये. जुना यांत्रिक पंप ते सोसत असे. आजच्या इंधन फवारणाऱ्या कॉमन रेल यंत्रणेत दोन हजार बारच्या जवळपासचा दाब असतो आणि पंपाच्या भागांना वंगण मिळते ते त्या डिझेलमधूनच. रॉकेलात तो गुण नाही.

धुरातले घातक वायू कमी करण्यासाठी वापरायचे युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, उणे 11 अंशांना गोठते. त्यात युरिया साडेबत्तीस टक्के असतो आणि उरलेले शुद्ध पाणी. त्याच्या टाकीत गरम करण्याची सोय दिलेली असते आणि ते वितळेपर्यंत गाडी चालू होण्यात अडथळा येत नाही, त्यामुळे गोठण्याची धास्ती घेऊ नका. धास्ती घ्यायची ती संपण्याची. डीईएफ पूर्ण संपल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा चालूच होत नाही. पाच लिटरचा एक सीलबंद डबा डिकीत असू द्या आणि कमी पडले म्हणून त्यात नळाचे पाणी मुळीच मिसळू नका.

जाता जाता स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी शिवपुरीच्या पुढे एका निर्मनुष्य पंपावर मी डिझेल भरले, आणि पंधरा किलोमीटरवर गाडी आचके देऊ लागली. फिल्टरखालचा पाण्याचा नळ सोडला तर पेलाभर पाणी निघाले. तेव्हापासून मी ट्रकवाल्यांची गर्दी असलेल्या पंपावरच थांबतो, कारण तेथे इंधन साचून राहत नाही. आणि पंपावर टँकर रिकामा होत असेल, तर तळचा गाळ ढवळला जात असणार हे धरून पुढच्या पंपाकडे निघतो.

प्रश्न : कंपनीने बसवलेल्या सीएनजीची छोटी गाडी कन्याकुमारीपर्यंत न्यावी का? (सिन्नर)

उत्तर : अवश्य न्यावी, पण तिला सीएनजी गाडी न समजता दोन टाक्यांची पेट्रोल गाडी समजून न्यावी. साठ लिटर पाण्याच्या मापाच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने आठ-नऊ किलो वायू मावतो. किलोला 25 किलोमीटर धरले, तर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरनंतर पुन्हा रांग आली. शिवाय दुपारच्या उन्हात, मागे रांग खोळंबलेली असताना घाईने भरलेला वायू तापलेला असतो आणि तो सिलिंडरमध्ये कमी मावतो, त्यामुळे काटा भरल्याचे दाखवूनही अंतर कमी पडते. रांग मोठी दिसली की पेट्रोलवर पुढे निघून जावे. दिवसाचे दोन तास वाचवण्यासाठी मोजलेले ते पैसे वाया गेले असे मानू नये.

घाटात चारजण आणि सामान असताना सीएनजीवर गाडी दमते, तेथेही बटण दाबून पेट्रोलवर यावे. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र जवळ असू द्या. सामान मात्र आधी मापून पाहा. डिकीत आडवा सिलिंडर असेल, तर पाच दिवसांच्या कपड्यांच्या दोन बॅगाही मागे मावत नाहीत आणि टपावर कॅरिअर लावले की वाऱ्यामुळे ॲव्हरेज घसरते.

प्रश्न : जादा पेट्रोल कॅनमध्ये नेणे कायद्याने चालते का? (पंचवटी)

उत्तर : पेट्रोलियम कायदा, 1934 च्या कलम 8 नुसार, विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंतचे पेट्रोल विनापरवाना जवळ ठेवता येते, मात्र भांडे घट्ट बुचाचे असावे लागते आणि धातूचे असल्यास त्याची क्षमता 25 लिटरपेक्षा जास्त चालत नाही. काच किंवा चिनी मातीच्या भांड्याला एक लिटरची मर्यादा आहे आणि प्लॅस्टिकचे नाव त्या यादीत नाही. खाद्यतेलाचे रिकामे डबे आणि पाण्याच्या बाटल्या त्यामुळे बाद. पेट्रोलची वाफ शून्याखाली कितीतरी अंशांवरही पेट घेऊ शकते, म्हणून कॅन माणसे बसतात तेथे कधीही ठेवू नये. तो काठोकाठ भरू नये, कारण उंचावर बाहेरचा दाब कमी होऊन आतली वाफ जोर करते; झाकणही हळूहळू सैल करावे. डिझेल या बाबतीत पुष्कळ निरुपद्रवी आहे.

प्रश्न : आमच्या विजेच्या गाडीला एका चार्जमध्ये चारशेहून अधिक किलोमीटर जाते असे सांगितले होते. समृद्धी महामार्गाने नागपूर आणि पुढे मध्य प्रदेशात जायचे आहे. भरवसा ठेवावा का? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : भरवसा ठेवावा, पण त्या आकड्यावर नको. तो चाचणीतला आकडा आहे आणि समृद्धीवर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पेट्रोलच्या गाडीलाही तो भोवतो, फक्त तिच्या टाकीत ऊर्जा इतकी मुबलक असते की चालकाला ते जाणवत नाही. समजा, बॅटरीतली वापरता येण्याजोगी वीज 45 युनिट आहे. ताशी ऐंशीच्या सुमारास शंभर किलोमीटरला 14 युनिट लागले, तर 320 किलोमीटर जाता येते. एकशेदहाच्या पुढे 20 युनिट लागू लागले की तेच 225 वर येते. त्यातही जलद चार्जर ऐंशी टक्क्यांनंतर मंदावतो आणि दहा टक्क्यांच्या खाली जाण्याची हिंमत कुणी करू नये, म्हणजे दोन थांब्यांमधले खरे अंतर उरते दीडशेच्या आसपास. शिर्डी ते नागपूर हा टप्पाच 520 किलोमीटरचा आहे. नाशिकहून पूर्ण चार्ज करून निघालात, तरी वाटेत तीन थांबे धरा, प्रत्येकी पाऊण तासाचे. वेग नव्वदवर आणला, तर एक थांबा कमी होतो आणि पोहोचण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. हे गणित वाहनचालकांना पटत नाही, पण कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावे.

प्रत्येक थांब्यासाठी आणखी एक पर्यायी चार्जर आधी हेरून ठेवा, कारण ॲपवर चालू दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद असू शकतो. समृद्धीवरून उतरल्यावर जिल्ह्याच्या गावी मुक्काम करत रात्री हॉटेलच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावली, तर सकाळपर्यंत पंचवीस-तीस युनिट मिळतात. खोली घेण्यापूर्वी वायरिंग आणि अर्थिंगची चौकशी मात्र करावी. डोंगर चढण्याचे म्हणाल, तर विजेच्या मोटरला श्वास घ्यायचा नसतो, त्यामुळे विरळ हवेने तिची ताकद कमी होत नाही, आणि कसारा घाट उतरताना ती थोडीफार वीज परतही मिळवते. अडचण ताकदीची नाही, चार्जरची आहे.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र दोन गाड्यांनी नेपाळ, तिबेट, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान असा प्रवास आखत आहोत. एक गाडी डिझेल, एक पेट्रोल. (कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : नेपाळची चिंता नको, तेथे इंधन आपल्याकडूनच जाते आणि 2019 पासून मोतिहारी ते अमलेखगंज अशी नळवाहिनीही आहे. चीनमध्येही 2019 पासून देशभर 10 पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) गंधकाचे इंधन आहे, म्हणजे आपल्या बीएस सहाच्या तोडीचे. खरी परीक्षा पुढे आहे. मध्य आशियात लहान गावांतल्या डिझेलमध्ये गंधक जास्त असू शकते आणि त्याने डीपीएफ व पुढची रसायनी गाळणी खराब होते. उझबेकिस्तानात तर उलट अडचण येते : तेथील खासगी गाड्या मोठ्या प्रमाणावर मिथेन वायूवर आणि पेट्रोलवर चालतात, त्यामुळे शहराबाहेर डिझेलचा पंप शोधत हिंडावे लागते. पेट्रोलवाल्यांनी पंपावरचा ऑक्टेनचा आकडा वाचावा. 80 लिहिलेले पेट्रोल जुन्या रशियन गाड्यांसाठी आहे, आपल्या इंजिनाला 92 किंवा त्यावरचेच द्यावे.

दोन वेगळ्या इंधनांच्या गाड्या सोबत नेल्या, तर एक अडकली असता दुसरी मदत आणू शकते, हा लाभ खरा. पण कॅनमधले इंधन एकमेकांना देता येत नाही, फिल्टर वेगळे, थांबे वेगळे. चौघांत एकच गाडी न्यायची झाल्यास मी टर्बो पेट्रोल नेईन आणि डिझेल गाडी घरच्यांसाठी ठेवीन. डिझेलच न्यायची असेल, तर दोन फिल्टर जवळ ठेवा आणि किर्गिझस्तानातून ओशमार्गे बाहेर पडताना टाकी व कॅन दोन्ही भरून घ्या.

प्रश्न : 2014 ची पेट्रोल गाडी आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तिने राजस्थान गाठावे का? (निफाड)

उत्तर : उसाच्या पट्ट्यातून आलेला प्रश्न आहे, तेव्हा इथेनॉलला नावे ठेवताना जपून लिहितो. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश असते, त्यामुळे पूर्वी पंधराचे ॲव्हरेज देणारी गाडी आता सव्वाचौदा देईल, असे धरून टप्पे आखावेत. इंधन यंत्रणेतले रबर आणि प्लॅस्टिकचे भाग या मिश्रणाला अनुरूप असलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून येऊ लागल्या. आपली त्याआधीची आहे. म्हणून निघण्यापूर्वी मिस्त्रीकडून इंधनाच्या रबरी नळ्या, त्यांचे क्लॅम्प आणि पंपाचे सील पाहून घ्या. नळी बोटांनी दाबल्यावर चिकट लागली किंवा तिच्यावर तडे दिसले, तर बदलून टाका. हे काम काही शे रुपयांत होते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल, तर जुन्या पेट्रोलवर प्रवास सुरू करू नका. आधी नाशिकला जाऊन-येऊन ते संपवा आणि ताजे भरून मगच राजस्थानचा रस्ता धरा.